समुपदेशक बाईंची चौकशी

आमच्या भावकीत कुणाचं लग्न जुळवायचं असलं की मुलाच्या चौकशीला मला धाडतात. त्याच्या गावात जायचं, हॉटेलात चहा घेत सहज विषय काढायचा, मग किराणा दुकानदाराला विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं. तिघांचं बोलणं जुळलं तरच मी होकार कळवतो. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत मी आयुष्यभर माल तपासला. पोत्याच्या तोंडचं बी दाखवणाऱ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. नमुना काढायचा तो मधूनच. माणसांच्या बाबतीतही माझं तेच.

त्यामुळे माझी लेक दोन बॅगा घेऊन सासरहून आली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली, तेव्हा मला सगळ्यांचा संशय यायला लागला. जावयाचा नाही, त्याची चौकशी मीच केली होती. संशय आला तिच्या मैत्रिणींचा, तिच्या मोबाइलचा, आणि मग जालन्यातल्या त्या समुपदेशक बाईंचा. बायको लेकीला दर आठवड्याला त्यांच्याकडे नेत होती. तिथे म्हणे ती तासभर बोलायची. घरी आली की तोंड मिटलेलं. बाई तिला घर मोडायला तर शिकवत नसतील ना, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

एके दिवशी बाईंनी मलाही बोलावलं. लहानशी खोली, सगळ्यांना एकसारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बाईंनाही तीच. मी बसल्या बसल्या शिक्षण विचारलं. आधी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते, मग समाजकार्य शिकले, म्हणाल्या. इंजेक्शन देणारी बाई संसार काय जोडणार, असं माझ्या मनात आलं.

"मी कुणाला नांदायला जा म्हणत नाही आणि सोडून दे असंही म्हणत नाही," त्यांनी सांगितलं. "नियम एकच. बाहेर कुणाबद्दल काही कळलं, तर ते इथं त्याच्या समोर बोलायचं."

हा नियम मला भलताच चलाख वाटला. यात काहीतरी डाव आहे, अशी माझी खात्रीच झाली.

बाई मूळच्या वाटूरच्या. दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढली आणि तिकडे गेलो. हॉटेल, किराणा, शेजारी. तिघांचं जुळलं: बाई नवऱ्याला सोडून आलेल्या. मला इतका आनंद झाला की परत हॉटेलात जाऊन मी दुसरा चहा मागवला.

पुढच्या भेटीला बायको आणि लेकही बसल्या होत्या. मी बाईंच्याच नियमाप्रमाणे समोर बोललो. "मॅडम, तुमचाच संसार टिकला न्हाई, मंग माझ्या पोरीला काय सांगून राह्यल्या तुम्ही?"

बायकोने शरमेने मान खाली घातली. बाई मात्र म्हणाल्या, "बराबर कळलं तुम्हाला. सोडला मी. का सोडला, ते सांगितलं का कुणी?"

"ते न्हाई विचारलं."

"आणि जावयाच्या वेळी काय काय विचारलं होतं?"

मी जरा ताठ बसलो आणि सगळं सांगितलं. त्याची आधी एक सोयरीक मोडली होती, हेही मीच शोधून काढलं होतं.

"का मोडली होती?"

"पोरगीच नाटकी होती."

"कोण म्हणालं?"

"त्याचा शेजारी."

तेव्हा माझी लेक बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून.

"अप्पा, लग्नाआधी मी त्या पोरीला फोन केल्ता. तो मारतो, म्हणल्ती ती. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही गाडी पुसत होते. तुम्ही म्हणले, सोयरीक मोडलेली पोरगी असंच बोलणार, तिचा काय भरोसा."

मला आठवलं. गाडी आठवली, हातातलं फडकं आठवलं, आणि तेव्हा मी हसलो होतो तेही आठवलं. चार महिने लेक माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत होती. मी तिचा मोबाइल चोरून दोनदा चाळला होता, वाटूरला जाऊन आलो होतो. तिला काहीच विचारलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"तुला बी मारतो का?" मी विचारलं.

"हां, अप्पा," ती म्हणाली.