लाखोलीची बाकी

आमचे शेजारी हरिहरमास्तर अमरावतीच्या शाळेत गणित शिकवत. आकडा दिसला की त्याला कशानं भाग जातो ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नागपूरहून इन्स्पेक्टर शाळा तपासायला आले, तेव्हा साहेबांच्या टांग्याचा नंबर भागत मास्तर दारातच उभे. एकदा बडनेऱ्याला अकोल्याची गाडी चुकली, तरी स्वारी खुशीत होती. मालडब्याचा नंबर मूळसंख्या निघाला होता. मूळसंख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणाचाच भाग जात नाही ती.

मास्तरांना विषमज्वर झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी रमावहिनी महादेवाला लाखोली बोलल्या. लाख भरेपर्यंत रोज सारखीच बेलपानं, एक कमी नाही की एक जास्त नाही. रोज किती, ते कुणाला सांगायचं नाही. मास्तर बरे झाले, पण लाखोली अडीच वर्षं चालली.

उद्यापनाला भटजींनी विचारलं, "रोज सारखीच वाहिली ना?"

"हो."

"एकूण?"

"एक लाख एकोणीस," वहिनी म्हणाल्या.

झालं. मास्तरांनी पंगतीतच मनातल्या मनात एकशे आठनं भागून पाहिलं. बाकी अकरा. म्हणजे एकशे आठ नसतील. अकरानं जाईना, एकवीसनं जाईना. दुसऱ्या दिवशी पोरांना उदाहरणं घालून ते पाटी घेऊन बसले आणि दोन, तीन, पाच, सात करत तीनशे तेरापर्यंत गेले. पासष्ट भागाकार, प्रत्येकाला बाकी. पुढं जायचं कारण नव्हतं. मोठ्या भाजकाचा जोडीदार लहान असतो, आणि लहान सगळे संपले होते.

मूळसंख्या! एरवी त्यांनी शाळेत पेढे वाटले असते. आता पाटी पालथी घातली. रोज सारखी पानं वाहून असा आकडा येऊच शकत नव्हता. रमा खोटं बोलली होती, तेही देवासमोर.

तीन दिवस त्यांना घास गोड लागेना. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलंच, "एक दिवस चुकला आहे. कोणता?"

वहिनींचा कणकेतला हात थांबला.

"रोज एकशे आठच होती. नवव्या दिवशी वैद्यांनी मान हलवली. अकरा पानं वाहून झाली, तेवढ्यात तुम्हाला श्वास लागला. मी उठले ते परत देवापुढं गेलेच नाही. तो खाडा भरायला शेवटी एक दिवस जास्त वाहिली. पण भटजी व्रत मोडलं म्हणाले असते. ते मला ऐकायचं नव्हतं." त्यांचा आवाज चढला. "आता तुम्हीच बोललात. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

सकाळ होताच मास्तर मनकर्णाबाईच्या फुलांच्या दुकानी गेले.

"सत्त्याण्णवच काहून, मास्तर? शंभर घेऊन जा ना."

"नको. तेवढीच राहिली आहेत."

कधी देवापुढं न बसलेला माणूस मांडी घालून बसला. एकेक पान मोजून वाहू लागला. चाळीस पानांच्या पुढं डोळे भरून आले आणि जन्मात पहिल्यांदा मास्तरांचा आकडा चुकला. हातात पान धरून ते तसेच बसून राहिले.

"त्रेचाळीस झाली," मागं उभ्या रमावहिनी म्हणाल्या. "वाहा पुढं."