परीक्षणाखालचं नाव

माझ्या वर्गात एका वाक्याला बंदी आहे: ‘सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला.’ पहिल्याच दिवशी मी ते फळ्यावर लिहिते आणि सगळ्यांसमोर खसाखसा पुसून टाकते. यंदा मागच्या बाकावरून अकोल्याच्या एका अत्तरवाल्याचा मुलगा म्हणाला, “बराबर हाय मॅडम. न्याय द्याले कोर्ट हाय ना.” घरी उर्दू आणि बाहेर अस्सल वऱ्हाडी बोलणारा पोरगा. मी डोळे वटारले, पण हसू आवरलं नाही.

मीही अकोल्याचीच. बरीच वर्षं तिथल्या वर्तमानपत्रांत नाटकांवर लिहिलं. आता दर शनिवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरते, ऑटोनं अमरावती गाठते आणि पत्रकारितेच्या मुलांना नाटक बघायला शिकवते. लिहिणं नंतर, आधी बघणं. सुरुवातीचे काही शनिवार तर आम्ही नाटकाचं नावही काढत नाही. एकानं सगळ्यांसमोर बसून चहा प्यायचा आणि बाकीच्यांनी लिहायचं, कप कोणत्या हातात होता, फुंकर कधी घातली, शेवटचा घोट प्यायला की तसाच सोडला. निम्मी मुलं लिहून आणतात, ‘त्याने चहाचा मनमुराद आस्वाद घेतला.’ मी कपाळाला हात लावते.

आमच्या माणसांची ही मोठी गंमत आहे. बोलायला लागली की पुणेकर दचकेल इतकी रोखठोक. नाटक पडलं तर चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या नटाची सालं काढतील. पण हातात पेन आलं की हीच माणसं लग्नपत्रिकेची भाषा लिहायला लागतात. म्हणून मी एक नियम केला आहे. जे माणसाच्या तोंडावर म्हणता येईल तेवढंच लिहायचं, आणि छापायला देण्याआधी ते त्याला खरोखर वाचून दाखवायचं. मोठ्या शहरातले समीक्षक याला हसतील. खुशाल हसोत. त्यांना तो नट दुसऱ्या दिवशी बाजारात मेथी निवडताना भेटत नाही, आम्हाला भेटतो.

यंदा या नियमात एक मुलगी चांगलीच अडकली. शेंदूरजनाघाटची, घरची संत्र्याची बाग, वर्गात फारसं न बोलणारी. पण चहाच्या त्या कसरतीत तिनं लिहिलं होतं, ‘त्याला चहा आवडला नाही, पण कप दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा त्यानं संपवला.’ ते वाचलं आणि मी मनातल्या मनात तिला पहिल्या बाकावर बसवलं. ती अमरावतीपर्यंत पोचली ती तिच्या शाळेतल्या मराठीच्या सरांमुळे. वडील मुलीला एवढ्या लांब ठेवायला तयार नव्हते. सर रोज बागेत जायचे, आणि वडील शिडीवर चढून तोडणी करत असले तर खाली उभं राहून बोलत राहायचे. शेवटी वडिलांनी शिडीवरूनच हो म्हटलं. “सर नसते त मी इथं नसती,” असं तिनं मला एकदा सांगितलं होतं.

हे सर आता निवृत्त आहेत आणि दर हिवाळ्यात गावात एक नाटक बसवतात. लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नायकही तेच. यंदा त्यांनी आमच्या अख्ख्या वर्गाला आमंत्रण दिलं. आम्ही दोन जीपगाड्या करून गेलो. वरूडपासून रस्ताभर संत्र्यांचे ट्रक, त्यांना ओलांडता ओलांडता आमच्या ड्रायव्हरचं तोंड जे सुटलं ते गाव येईपर्यंत थांबलं नाही.

शाळेच्या सभागृहात आधी सत्कार. आमच्याकडे नाटक सुरू होण्याआधी समीक्षकाचा सत्कार करतात, म्हणजे त्याची पंचाईत आधीच होऊन जाते. मी नको म्हणून पाहिलं. संयोजक म्हणाले, “नाई घेतली शाल त सरायले राग येईन, मॅडम.” मी शाल घेतली. मग सर स्वतः रंगमंचावर आले. तोंडाला रंग, केस काळेभोर, अंगात नायकाचा चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. त्यांनी त्या मुलीच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर सांगितलं, “ही आमची पोट्टी. आता हे लिवनार आपल्या नाटकावर.” टाळ्या पडल्या. मुलीचा चेहरा पडला. जागेवर परतल्यावर अत्तरवाल्याचा पोरगा माझ्या कानाशी लागला, “मॅडम, आता लिवाचं कसं?” मी म्हटलं, “शाल अंगावर घ्यायची, पेनावर नाही.”

नाटक शहरातून गावी परतलेल्या एका तरुण इंजिनिअरचं होतं. साठी ओलांडलेले सर त्यात पंचविशीचे. ते कुंपणावरून उडी मारायचे तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून बसायचं, ते काळजीनं. दारात संत्र्यांच्या टोपल्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळे लोक नाटकभर सोलत आणि खात होते. माझ्या शेजारच्या बाई तर दर प्रवेशाला एक फोड माझ्या हातावर ठेवत होत्या. मी चिडले होते, पण संत्री गोड होती.

तिसऱ्या अंकात मात्र काहीतरी झालं. बापाशी भांडून नायक पायरीवर येऊन बसतो. सर बसले, हात गुडघ्यावर गेला आणि तिथंच राहिला. शेजारच्या बाईंची फोड त्यांच्या हातातच राहिली. मग पुन्हा उठून तरुण झाले आणि नाटक पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

पुढच्या शनिवारी मुलीनं परीक्षण आणलं. तिनं लिहिलं होतं, ‘नायक पंचवीस वर्षांचा आहे हे संवादांतून कळतं, डोळ्यांना ते पटत नाही.’ आणि खाली, ‘तो पायरीवर गुडघा धरून बसला तेव्हा सभागृहात कुणीही संत्रं सोलत नव्हतं.’ मला इतका आनंद झाला की मी वर्गात मोठ्यानं ‘शाब्बास’ म्हणाले, जे मी सहसा म्हणत नाही. माझ्या ओळखीचे एक संपादक रविवारच्या पुरवणीत छापायलाही तयार झाले.

पण कागदावर तिचं नाव नव्हतं. “खाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ टाकलं तर चालन का, मॅडम?”

मी भडकले. म्हटलं, गुण तुला मिळालेच आहेत, छापायचं की नाही हे तुझं तू ठरव, पण छापायचं तर नावानिशी, आणि आधी वाचून दाखवून. तिचे डोळे भरले. “सर माह्याशी बोलले नाई त मी काय करू? बाकी कोनी नाई बोललं त चालते मले.” नियम करणाऱ्याला सोपं असतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला माझ्याच नियमाचा राग येत होता.

बुधवारी तिचा फोन आला. “वाचाले जाऊन राहिली. तुमी याल?”

सरांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. केसांचा काळा रंग उतरू लागला होता, कानांशी पांढरं दिसत होतं. तिनं कागद उघडला आणि शाळेत धडा वाचतात तशी उभी राहून वाचू लागली. पंचविशीचं वाक्य आलं तेव्हा तिचा आवाज चिरकला, पण ते तिनं गाळलं नाही. आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या, “मी कवाची हेच सांगून राहिली, पन आपलं आयकते कोन?” सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“आनखी एक डाव वाच,” ते म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. मी ओसरीची फरशी बघत बसले होते. एवढी भीती मला स्वतःच्या परीक्षणांच्या वेळीही कधी वाटली नव्हती.

“ते गुडघ्याचं,” सर म्हणाले, “तो काई अभिनय नोता वं. खरंच दुखून राहिला होता.”

“मले माहीत हाय सर. म्हनूनच लिवलं.”

सरांनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा लावला आणि सवयीनं वरपासून खालपर्यंत तपासला. शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

“नाव कुठी हाय?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“खोटं लिवलं का?”

“नाई सर.”

“मंग नाव काहून लपवतं? लिव. बापाचं बी लिव. गावाचं बी.”

खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. ती खाली बसली, मांडीवर कागद ठेवून तिनं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे गाव. सरांनी ते वाचलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, त्या नाटकात एकदाही लागला नव्हता इतका मोकळा आवाज लावून ते ओरडले, “अवं, बाहीर ये! आपल्या पोरीचं नाव पेपरात येऊन राहिलं!”