आखणी चालू असताना

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी डोळे आखते. कुंचला मूर्तीच्या डोळ्याला लागला, की तो वर येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा आमचा आखणीचा नियम. एरवी मात्र बायकांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालतात, आणि त्यात पहिला नंबर माझा.

गर्भपाताचा विषय निघाला की माझा निकाल ठरलेला. "जीव तो जीव. पाडायचा नाय." शेजारी रंगकामाला बसणारी म्हणायची, "अगो, डोळे आखले नाय तवर मातीच ना ती?" मी म्हणायचे, "मग मातीला पाय लागला की नमस्कार का करतेस गो?" सगळ्या हसायच्या, आणि ते जिंकणं मला संध्याकाळपर्यंत पुरायचं. माझे दोन गर्भ आपसूक गेलेले, मुलगा तिसऱ्या खेपेचा. या विषयावर बोलायचा हक्क आपलाच, असं मी धरून चालले होते.

गेल्या माघी गणपतीनंतर रोह्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, आठवा आठवडा, आणि तिला ते नको होतं. दवाखान्यात सोबत येशील का, एवढंच तिने विचारलं. मी दुसऱ्या दिवशी निघाले, ती सोबत करायला नव्हे, तिचं डोकं ठिकाणावर आणायला.

चहा गाळायच्या आधीच मी सुरू झाले. दोन वाढली तसं तिसरं वाढेल, नाहीतर मला दे. 'मला दे' म्हणताना मला रडू आलं. तिने गाळणं खाली ठेवलं. लग्नाआधी तीही आमच्याच कारखान्यात बसायची. म्हणाली, "ताय, माझी आखणी चालू हाय असं समज. होईपर्यंत बोलू नको."

झालं! मग तीच सांगत गेली. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर वर्षभर तिला झोप नव्हती, विहिरीवर एकटीने जायची भीती वाटायची, हे मला तेव्हा कळलं. तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. कंपनीतली शिफ्ट बदलून तो घरी थांबायचा, आणि आताही 'तू ठरव' म्हणत होता. मलाच सांगितलं नव्हतं, कारण मी ऐकायच्या आधी उत्तर देते. वाईट तिलाही वाटत होतं, ते तिने लपवलं नाही. "पन हाय त्या दोघांना आई हवी ना?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, निर्णय कुणाचा? बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून बसले. "माझा," ती म्हणाली. आता ती बरी आहे, झोपते, भांडतेसुद्धा. मला त्याचा आनंद आहे. माझ्यापुरतं मत माझं तेच आहे, पण ते दुसरीच्या पदरी बांधत नाही.

यंदा कारखान्यात पुन्हा तोच विषय निघाला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "जिचं असेल तिला आधी बोलू द्या."

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या उठल्या. रंगकाम करणारी तेवढी बसून राहिली. कितीतरी वर्षं ती माझ्या शेजारी बसते. हातातली रंगाची ताटली पुसत हळूच म्हणाली, "मातीच होती ना गो ती?"

मी कुंचला खाली ठेवला आणि तिचं होईपर्यंत बोलले नाही.