दुसऱ्या फोटोतला हात

एक्स-रेचं टेबल मी नुकतंच पुसलं होतं. स्पिरिटचा वास अजून उडाला नव्हता. शेठनी गाडीतून घरची चादर मागवली आणि त्यावर अंथरली. मग वाळूच्या पिशव्यांकडे बोट केलं. त्या मी पेशंटच्या पायाला दोन्ही बाजूंनी लावते, पाय हलू नये म्हणून.

"ह्यांना कोण हात लावतं?"

"मीच. माझं कामच ते."

त्यांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि पिशव्यांवर फवारलं. एकेकीवर. मग उलटी करून पुन्हा.

पाच मिनिटांपूर्वी असं नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी मी मॅडम होते.

रोह्याहून आईला घेऊन आले होते ते, पेणला, आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात. आजी न्हाणीघरात घसरल्या, उजव्या कुशीवर पडल्या. वय ऐंशीच्या पुढचं. "मॅडम, जरा लवकर बघा हो," शेठ म्हणाले. मी आजींच्या उशाशी वाकले. कुठं दुखतं विचारलं. "जांगेत गो," आजी म्हणाल्या. तेवढ्यात मागून शेठनी विचारलं,

"गाव कुठलं तुमचं?"

"कासू."

"कासूत कुठं? देवळाकडं, का स्टेशनकडं?"

"बौद्धवाडीत."

"असं, असं."

हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. आडनाव विचारलं तर उघड दिसतं, म्हणून आधी गाव विचारतात, मग आळी. मी खोटं कधी सांगितलं नाही. अर्धं सांगितलंय बऱ्याचदा. त्या दिवशी पूर्ण सांगितलं.

"तसं काय नाय गो," शेठ म्हणाले. मॅडम गेलं होतं, गो आलं होतं. "आम्ही काय मानत नाय. पण आई जुन्या वळणाची. तिचं सोवळं असतं. तू बाहेरनं सांग, आम्ही दोघं भाऊ धरतो. तू बटन तेवढं दाब."

आजींना कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "शेठ, खुबा मोडला असेल तर उचलायची एक रीत असते."

"आईला उचलायचं आता तुझ्याकडनं शिकायचं काय?" धाकटा भाऊ म्हणाला आणि हसला.

डॉक्टर दारात उभे होते. दवाखाना तेच बघतात. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे नाही बघितलं. "करू दे त्यांना," म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. वाद नको."

मशीनवर पितळेची पाटी आहे. शेठच्या वडिलांचं नाव आहे तिच्यावर, मशीन त्यांच्या स्मरणार्थ दिलेलं. रोज सकाळी ती पाटी मी फडक्यानं पुसते.

मी बाहेर गेले. काचेमागे उभी राहिले.

हे लिहिताना राग यायला पाहिजे. येत नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, टोचलं तरी कळत नाही, तसं आहे.

शिशाचे एप्रन दोघांना मीच दिले, दारातून, कोपऱ्याला धरून. रोज माझ्या अंगावर असतात ते. त्यांच्यावर सॅनिटायझर मारायचं मात्र राहिलं.

पहिला फोटो नीट झाला. मी दारातून सांगत होते, "चादरीसकट सरकवा, पाय ओढू नका," आणि त्यांनी ऐकलं. पडद्यावर बघितलं. खुब्याच्या हाडाला, वरच्या गोळ्याच्या खाली, चीर होती. पण हाड जागेवर होतं. एकात एक रुतून बसलेलं. अशा पेशंटला न हलवता ठेवलं, तर बहुतेक वेळा दोन-तीन स्क्रूंवर भागतं.

डॉक्टरांना बाजूनं दुसरा फोटो हवा होता.

मी दार उघडलं. "आता मला आत येऊ द्या. आजींना वळवायचं नाही. त्यांचा चांगला पाय वर धरायचा, मशीन आडवं करायचं आणि प्लेट खुब्याशी उभी लावायची. दुखऱ्या पायाला धक्का लागत नाही."

"तिथनंच सांग ना."

"सांगून होत नाही शेठ. हातानंच लावावं लागतं."

"बाजूचा पाहिजे ना? मग आईला बाजूला वळवू. त्यात काय एवढं!"

डॉक्टर मोबाईलवर बोलत होते.

धाकट्यानं खांदे धरले. शेठनी मांडी धरली. एक, दोन, तीन म्हणून ओढलं. अंग वळलं, पाय मागेच राहिला. आजी ओरडल्या नाहीत. तोंडातून फक्त हवा गेली. मग त्यांनी एक हात काचेकडे केला. मला बोलवत होत्या का जा म्हणत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

"दाब, दाब! धरलीय मी!" शेठ ओरडले.

मी बटन दाबलं.

दुसऱ्या फोटोत हाड सुटलं होतं. मांडीचं हाड वर सरकलेलं. दोन्ही फोटोंवर वेळ छापून येते. मध्ये सहा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. आजी वरच्या वॉर्डात होत्या. शेठ समोर चहा घेत बसले होते.

"आता खुबाच बदलायचाय आजींचा," डॉक्टर म्हणाले. "मोठं ऑपरेशन. या वयात. शेठ साहजिकच चिडलेत. हे एक पत्र केलंय, सही कर. फाईलला लागतं. नोकरीला काही होत नाही."

टाईप केलेलं होतं. *रुग्णास टेबलावर वळवताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. त्याबद्दल मी दिलगीर आहे.* खाली माझं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. पेनही ठेवलं होतं.

मी पेन उचललं. खरं सांगते, उचललं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. केली, मग एक्स-रेचा डिप्लोमा. कासूहून पेण, पेणहून कासू, गाडीत उभ्यानं पाठांतर. ही नोकरी गेली तर काय, ते मला कोणी सांगायला नको होतं.

मग मला बाबा दिसले.

बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात होते. मूर्ती उचलायच्या, पेंढ्यात बसवायच्या, टेम्पोत चढवायच्या. म्हणायचे, "उचलायच्या आधी हाताला इचारायचं, वजन कुठं हाय." मी दहा वर्षांची असताना मला टेम्पोतून रोह्याला घेऊन गेले. घर दुसऱ्याच कुणाचं होतं, ह्या शेठचं नव्हे. मोठी मूर्ती. बाबांनी ती पायरीपर्यंत नेली. वरून आवाज आला, "बस, इथवर. आता आम्ही घेतो." बाबा चार हात मागं सरले. त्या लोकांनी मूर्ती हाताला धरून उचलली. मूर्तीला हाताला धरून कोणी उचलत नाही. मनगट तुटलं.

"ह्यानंच आदळली असेल टेम्पोत!" अख्ख्या आळीनं ऐकलं.

बाबांनी हात जोडले. "माझीच चूक, शेठ."

मी टेम्पोच्या फळीवर बसले होते. मला सगळं दिसलं होतं. मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी कारखान्यात त्यांना कोणी बोलावलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. एक्स-रे रूममध्ये गेले, दोन्ही फोटो आणले आणि केबिनमधल्या दिव्याच्या पेटीवर लावले. दिवा लावला.

दुसरा फोटो मी रात्रभर आठवत होते. तेव्हा जे नीट बघितलं नव्हतं, ते आता समोर होतं. आजींच्या मांडीवर चार बोटं. नुसती हाडं. कुणाच्याही बोटांची असतात तशी. हाडांना गाव विचारता येत नाही. पण एका बोटात अंगठी होती. जाड, चौकोनी. सोनं फोटोत पांढरंफटक येतं.

मी माझे दोन्ही पंजे टेबलावर पसरून ठेवले. माझ्या बोटात काही नसतं. पेशंटला लागतं म्हणून कामावर मी बांगडीसुद्धा घालत नाही.

"ह्यातला माझा हात कुठला, डॉक्टर?"

डॉक्टर फोटोकडे बघत राहिले. शेठनी कप खाली ठेवला. त्यांचा उजवा हात टेबलाखाली गेला.

"फार शिकलीय ही," शेठ म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "शिकलेय."

पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हातानं लिहिलं: *रुग्णाला मी हात लावला नाही. मला लावू दिला नाही. वळवू नका असं मी सांगितलं होतं. माझी चूक एवढीच, की मी काचेमागे उभी राहिले आणि बटन दाबलं.* खाली सही केली. सहीखाली गाव लिहिलं, वाडी लिहिली. मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

घरी बाबा भात कालवत होते. सगळं सांगितलं.

"मग, सही?"

"त्यांच्या कागदावर नाय केली."

बाबांचा हात थांबला. "माझीच चूक म्हनायचं, पोरी. मानूस सुटतो."

"तुम्ही सुटलात, बाबा?"

भात तसाच ताटात राहिला.

आजींचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन चार पावलं टाकतात म्हणे. ऐकून मला बरं वाटलं नाही आणि वाईटही नाही. ते बटन मी दाबलं, हे माझ्याकडं आहे. ते कुठं जात नाही. मला अजून काढलेलं नाही. मशीन चालवणारं दुसरं कोणी मिळालं की काढतील. त्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलवर आहे.

परवा कोलाडहून एक बाई आणली. बाईकवरून पडलेली, मान धरून ठेवलेली. सोबत सहा जण. त्यातल्या एकानं विचारलं, "मॅडम, गाव कुठलं तुमचं?"

"कासू, बौद्धवाडी," मी म्हटलं. अर्धं नाही. "उचलायला दोघं थांबा. मी सांगेन तिथं धरायचं, मी सांगेन तेव्हाच हलवायचं. मान मी धरणार. बाकीचे बाहेर."

"आम्हीच धरतो की मान."

"नाही."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी ते बाईच्या कानांच्या दोन्ही बाजूंना ठेवले होते, आणि काढले नाहीत.