ताट कुठंय?

हातात इन्सुलिनची सिरिंज घेऊन बाई खाटेशी उभ्या राहत आणि बघत मात्र दाराकडे. रोगी बाही वर सरकवून, डोळे मिटून तयार. बाई तशाच उभ्या. मग किचनच्या दिशेने एकच प्रश्न जाई, "ताट कुठंय?"

पडेगावच्या रस्त्याला आमचं एक धर्मादाय रुग्णालय होतं. तिथल्या साखरेच्या वॉर्डच्या त्या सिस्टर, मुकुंदवाडीहून यायच्या. मी ऑफिसात कारकून. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे ते दिवस.

इन्सुलिन म्हणजे काय, हे बाई नव्या नर्स मुलींना दोन वाक्यांत शिकवत. "ही सुई रक्तातली साखर खाली ओढती. वरून भाकर आली नाय, तर ती माणसालाच खाली ओढती." पुस्तकात हीच गोष्ट चार पानं चालते. ती पानं मी वाचली आहेत. भाकरीचा उल्लेख कुठेही नाही.

नियमाप्रमाणे साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं. एका नव्या डॉक्टरांनी त्यांना हे ऐकवलं. बाई म्हणाल्या, "अर्धा तास घड्याळाचा, का आपल्या किचनचा?" डॉक्टर साडेबाराला किचनमध्ये जाऊन आले. तिथं डाळ निवडणं चाललं होतं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. जेवणाचा गाडा दारात दिसला की सुई, हे बाईंचं घड्याळ.

थायरॉइडच्या गोळीचा न्याय उलटा. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहाचा कप लपवणाऱ्याला त्या बरोबर ओळखत. "गोळीला एकटीलाच जाऊ द्या. चहाची सोबत नको तिला. चहा मागून येईल."

पण ताट दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही, हे त्यांना पाचोडच्या एका म्हातारीने शिकवलं. सुई झाली, ताट आलं, बाई पुढच्या खाटेकडे वळल्या. तासाभरात म्हातारी घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं भलतंच. शुद्धीवर होती म्हणून बाईंनी साखरपाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. जरा वेळाने म्हातारी माणसात आली.

"आजी, ताट कुठं गेलं?"

"भाऊ आलता ना माय, गावावरून. उपाशी आलता. पाव्हणा समोर बसलेला आन् म्या जेवू व्हय?"

भाऊ दारात उभा होता. त्याच्या मिशीला वरण होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोग्याच्या पोटात चार घास जाईपर्यंत बाई खाटेशी उभ्या राहू लागल्या, आणि वॉर्डात जाहीर झालं, "पाव्हण्याला माझा डबा. रोग्याच्या ताटाला हात लावायचा नाय." आमच्याकडे पाहुण्यांना तोटा नाही. बाई स्वतः केव्हा जेवत, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "जेवते की," एवढंच उत्तर मिळालं.

आमच्या मोठ्या साहेबांचा विश्वास होता की, उद्घाटन झाल्याशिवाय जगात काही सुरू होत नाही. वॉर्डातल्या बेसिनच्या नळाची त्यांनी फीत कापली होती. पाणी दोन महिन्यांनी आलं. एका वर्षी त्यांनी 'मधुमेह सप्ताह' काढला. पहिल्या दिवशी माननीय पाहुण्यांनी स्वहस्ते एका गरजूला इन्सुलिन टोचायचं आणि फोटोग्राफरने तो क्षण टिपायचा. कार्यक्रमपत्रिका मी टाइप केली: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांच्या हस्ते इन्सुलिन, मनोगत, आभार, अल्पोपाहार. अल्पोपाहार पाहुण्यांचा. रोग्याच्या जेवणाला पत्रिकेत ओळ नव्हती, आणि टाइप करताना मला ती आठवलीही नव्हती.

व्हरांड्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत सुस्वागतमची रांगोळी काढली होती. ती पुसू नये म्हणून जेवणाचा गाडा किचनमध्येच थांबवायचा, असा साहेबांचा हुकूम.

पाहुणे अकराला येणार होते, ते एकला आले. दिवा लागला, प्रास्ताविक झालं. पडेगावच्या एका काकांना नवा सदरा घालून खाटेवर बसवलं होतं. फोटोग्राफर स्टुलावर चढला. पाहुण्यांनी हात पुढे केला.

बाईंनी सिरिंज दिली नाही. दाराकडे बघत विचारलं, "ताट कुठंय?"

पाहुण्यांना वाटलं, आरतीचं. ते म्हणाले, "असू द्या हो, औपचारिकता कशाला?"

साहेब दात दाबून हसले. "सिस्टर, ताट येईल. तुम्ही सुई द्या."

"ताट येईल तवा सुई बी येईल, साहेब."

"पाहुणे उभे आहेत!"

काकांनाच लाज वाटली. "दे ना माय टोचून. एवढाले साहेब लोक उभे हायेत."

"ते उभे हायेत काका. तुम्ही पडाल."

कुणाच्या तरी घशातून हसू निसटलं. ते दडपलं जायच्या आत बाईंनी सिरिंज झाकून ठेवली आणि त्या किचनकडे निघाल्या. थोड्या वेळाने गाड्याचं एक चाक नेहमीप्रमाणे करकरत येऊ लागलं. रांगोळीच्या राखणीला मीच उभा होतो.

"सरका," बाई म्हणाल्या.

मी सरकलो. माझ्या नोकरीतलं ते एकच काम, ज्याबद्दल मला कधी खुलासा द्यावासा वाटला नाही. गाडा सुस्वागतमवरून सरळ गेला आणि वॉर्डभर पांढऱ्या-गुलाबी चाकोऱ्या उमटल्या. काकांपुढे ताट आलं, मग सुई झाली. फोटोही निघाला. त्यात पाहुण्यांपेक्षा वांग्याची भाजी ठळक आली.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. मान्यवरांसमोर असहकार केल्याबद्दल खुलासा करावा. तोही मीच टाइप केला. बाईंनी मागच्या बाजूला लिहून दिलं, "ताट नव्हतं." एवढा छोटा खुलासा मी पाहिला नव्हता, आणि ज्यात काहीच सांगायचं राहिलं नाही असाही नाही.

आठवड्यात बाईंची लिननच्या खोलीत बदली झाली. मी एकदा डोकावलो. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"करमतं का सिस्टर?"

"चादरीला साखर नसती, बरंय की." घडी दाबत म्हणाल्या, "पर दुपार झाली की कान तिकडंच जातो. गाड्याचं चाक वाजलं का म्हनून."

एका दुपारी चाक वाजलंच नाही. डाळ शिजायची होती आणि वॉर्डात सुया होऊन गेल्या होत्या. एक रोगीण घामाघूम होऊन खाटेवर कलंडली. नव्या मुली लिननच्या खोलीकडे धावल्या. बाई हातात उशीची खोळ तशीच घेऊन आल्या. "साखर आना, लवकर!" रोगीण वाचली.

समिती नेमली गेली. तिने लांबलचक नावाचं एक धोरण केलं, आणि ते साहेबांच्या नावानिशी संगमरवरावर कोरून भिंतीत बसवलं गेलं. अर्थ एवढाच, की ताटाआधी सुई नको. बाईंना वॉर्डात परत आणावं, हे मात्र समितीला सुचलं नाही. मीही टिप्पणी लिहिली नाही.

चादरींच्या खोलीतूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला थांबल्या नाहीत; भाषणं जेवणाच्या वेळेला ठेवली होती. पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. मला ते महिन्याभराने कळलं.

आता माझीच साखर वाढली आहे. मागच्या महिन्यात त्याच वॉर्डात चार दिवस होतो. फलकासमोर सलाइनचा स्टँड उभा असतो, त्यामुळे धोरण वाचता येत नाही. दुपारी एक कोवळी सिस्टर सुई घेऊन आली. मी बाही वर सरकवली. ती तशीच उभी राहिली, दाराकडे बघत.

"ताट कुठंय, काका?"

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"शिकवलं कुणी नाय," ती म्हणाली. "इथं तसंच म्हनतात."

बाहेर व्हरांड्यात चाक करकरलं, तशी तिने सुईवरचं झाकण काढलं.