एका तापातले फुटाणे

तर काल आपण थांबलो ते महालिंगप्पाच्या भट्टीपाशी. ओल्या बाभळीचा धूर कोंदलेला, गल्लीतली धुरपताबाई पदरानं डोळे पुसतेय अन् म्हणतेय, "महालिंगप्पा, हे फुटाणे खायचे का देवापुढं जाळायचे?"

सगळे हसले, महालिंगप्पाही हसला. पण आत बसलेल्या त्याच्या बायकोला, शिवम्माला, काही हसू आलं नाही. लढाईची सालं होती, राज्य निजामाचं. उमरग्याचा बाजार पार आखडला होता. शेरानं फुटाणे नेणारा माणूस मुठीवर आलेला, अन् जळण तेवढं महागलेलं. म्हणून महालिंगप्पानं हात आवरायला घेतला होता. स्वस्तातली ओली बाभूळ आणली. फुटाण्यांचं हळद-मीठ कमी केलं. मापावरची शीग तळहातानं सपाट करायला लागला. गिऱ्हाईक तोंडानं काही बोललं नाही, नुसतं येईनासं झालं.

त्यातच धाकट्या भावाचा, शिवप्पाचा, सोलापुरातून सांगावा आला. तो गिरणीत कामाला होता. पाडव्याला येतो, भट्टी मोडा अन् दोघं माझ्यासंगं चला, दादाच्या कामाचं मी बोलून ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. महालिंगप्पाचं अर्धं मन तेव्हाच सोलापूरला पोचलं. शिवम्माचं काही केल्या हलेना. आळंदकडची लेक ती, लग्न होऊन आली तशी त्या भट्टीपुढं बसली. हरभरा तडतडला की नुसत्या आवाजावरून झारा घालायची. चाळीतल्या खोलीत तिनं हात बांधून बसायचं, अन् तिच्या त्या कानांचं तिथं करायचं काय? पण नवऱ्यापुढं म्हणणार काय? धंदा बसला होता हे तिला दिसत होतंच की.

आता त्या घरची एक रीत ऐका. बाजाराच्या दिवशी भट्टी पहाटे पेटवायची ती दिवेलागणीपर्यंत विझू द्यायची नाही. गिऱ्हाइकाला थंड भट्टी दिसली तर घरातली बरकत जाते, असं सासऱ्यानं सांगून ठेवलेलं. मग गिऱ्हाईक असो नसो, महालिंगप्पा आपला जळण सारतोय. तापलेल्या कढईत वाळू नुसती बसून आहे.

पाडव्याला महिनाभर उरला असताना, नेमक्या बाजाराच्या सकाळी, घरचे गुरू जंगमस्वामी दारात आले. जंगम आले म्हणजे नवरा-बायकोनं मिळून पाद्यपूजा करायची, अन् पूजेतून मधेच उठायची सोय नाही. महालिंगप्पा पाटावर बसला खरा, पण त्याची मान सारखी भट्टीकडं वळायची. स्वामी निवांत जीव. पूजा झाली, प्रसाद झाला, वर सगळ्या गावाची खुशाली विचारून झाली. तोवर भट्टीतल्या जाळाची राख झाली.

बाहेर येऊन बघतात तर ओसरीवर भाजून न्यायला आणलेल्या टोपल्याच टोपल्या. कुणाचा हरभरा, कुणाची लाह्यांची ज्वारी, कुणाच्या शेंगा. बाया परत गेल्या नव्हत्या. भिंतीला टेकून त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. महालिंगप्पाला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यानं घाईनं जाळ केला, शिवम्मानं वाळू तापवली अन् एकामागून एक टोपली घातली. वाळूला थंड व्हायला सवडच मिळाली नाही. सगळं भाजून झालं तेव्हा शिवम्मा जळणाच्या ढिगाकडं बघत राहिली. ढीग जवळजवळ तसाच होता.

त्या दिवशी ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अवो, गिऱ्हाइकाच्या मापातलं काढू नका. ह्या रिकाम्या जाळातलं काढा."

महालिंगप्पा बिचकला. बापाची रीत कशी मोडायची? शिवम्मा म्हणाली, मामंजींच्या वक्ताला टोपल्या संपत नव्हत्या म्हणून जाळ चालायचा. पुढच्या बाजारापासून टोपल्या जमल्यावरच भट्टी पेटायला लागली. टोपलीसंगं जळणाला कवळभर तुराट्या आणील त्याची भाजणावळ कमी. ओली बाभूळ बंद झाली, हळद-मीठ परत पडलं, मापाला शीग आली. धुरपताबाई म्हणाली, "आता तुमची भट्टी म्हंजे तहसीलदाराची कचेरीच की. वेळेत आलं तरच काम."

पहिल्या खेपेला गोंधळ झालाच. धुरपताबाईचे खारे फुटाणे दुसऱ्याच घरी गेले अन् तिच्या पदरात लाह्या आल्या. तिनं गल्ली डोक्यावर घेतली. पुढं ज्यानं त्यानं टोपलीच्या कडीला आपापल्या लुगड्या-धोतराची चिंधी बांधायची ठरलं, अन् बोलबाला असा झाला की शेजारच्या गावच्या टोपल्याही त्या ओसरीवर यायला लागल्या.

पाडव्याला शिवप्पा आला. ओसरीवरच्या टोपल्या ओलांडत आत शिरला, पाणी प्यायला अन् सामान बांधलेलं दिसेना म्हणून भावाकडं बघायला लागला. महालिंगप्पानं बायकोकडं बघितलं. शिवप्पा म्हणाला, "वैनी, मुकादमाला काय सांगू मी? तुमी येताव का न्हाय?"

शिवम्मानं झारा खाली ठेवला नाही. म्हणाली, "भावजी, आमी न्हाय येत, पन तुमी रिकाम्या हातानं जाऊ नका. हे फुटाण्याचं पोतं घेऊन जावा, गिरणीच्या दारात इका, सरहद्दीच्या नाक्यावरची करोडगिरीची जकात तेवढी तुमच्याकडची. अन् येताना पोतं झटकून परत आणा, नवं पोतं म्या घेणार न्हाय."