आक्काने घर गडद केलं

आक्का जन्मभर लोकांच्या भिंती आणि दारं-खिडक्या रंगवत आली. तिचं लग्न राहूनच गेलं, कारण ते जमवायला थोरल्या भावाला सवड नव्हती. दादा तेव्हा स्वतःचं ओंडक्यांचं घर बांधत होता. ओंडके पुरते वाळायच्या आत त्याने ते एकावर एक रचले. सुतार थांबा म्हणत होता, पण दादाचं म्हणजे हम करे सो कायदा. त्या घराला मधासारखा रंग दिला तो आक्कानेच.

आता दादाची लेक तान्हं बाळ घेऊन राहायला येणार होती. दादाने फर्मान सोडलं, "घराचा रंग बदल. चांगला गडद कर. खालचे ते काळे डाग दिसायला नकोत."

आक्काच्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली. फिक्या लाकडावर गडद रंग चढतो, गडदावर फिका चढत नाही. एकदा केलं की केलं.

तिने मशीन लावून जुना रंग घासून काढला. ब्रश बुडवण्याआधी प्रत्येक ओंडका मुठीने वाजवून बघायची तिची सवय होती. लोक मडकं वाजवून घेतात, ही घर वाजवायची. सगळे ओंडके टणटणीत बोलले. मागच्या कोपऱ्यातला तळाचा ओंडका मात्र उशीवर थाप मारावी तसा वाजला. तिने पेचकस टोचला, तर तो न दाबताच मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो ओला भुसा घेऊन. आणि त्या ओंडक्यावर आख्खी भिंत उभी होती, वरच्या खोलीसकट.

दादा अंगणात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होता.

"दादा, हा कुजलाय. भिंतीला टेकू देऊन बदलायला हवा."

"माझ्या हातानं बसवलाय तो. तुला रंगातलं कळतं, घरातलं नाही."

"अरे, पेचकस आख्खा आत गेला!"

"तूच जोरात खुपसला असशील."

वहिनीने तिला बाजूला घेतलं. "लेक यायच्या तोंडावर वाद नको हो. तुम्ही समजूतदार आहात." हा शब्द त्या घरात आक्कासाठीच राखून ठेवला होता. ज्याचं ऐकायचं नसतं, त्याला लोक समजूतदार म्हणतात.

आक्काने भोकात लांबीचा लगदा भरला आणि ब्रश उचलला. बाकीच्या लाकडाने रंग बेताने घेतला, तो कोपरा मात्र घटाघटा प्यायला. कितीही लावला तरी पुरेना. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त.

घर मात्र असं देखणं झालं की येणारेजाणारे थबकू लागले. दादाने तिच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात काम!" आक्काचे डोळे भरून आले. एवढं ऐकायला ती सगळा जन्म थांबली होती, हे खरंच आहे.

लेक आली. वरच्या खोलीत, नेमकी त्याच कोपऱ्यापाशी, ती बाळाला घेऊन उभी राहिली.

"आत्या, पाळणा इथेच ठेवू ना?"

आक्काने दादाकडे पाहिलं. तो अजून तिच्याकडे कौतुकाने बघत होता.

"ठेव की," ती म्हणाली.

बाळ झोपलं तशी लेक त्या खोलीचं दार लावून घ्यायला गेली. दार अर्ध्यावरच अडलं. तिने ओढून पाहिलं, उचलून पाहिलं, ते हलेना.

"काल तर नीट लागत होतं," वहिनी म्हणाली.

"नवा रंग आहे, दार फुगलंय," दादा हसला. "बसेल आपोआप जागेवर. विचारा आमच्या आक्काला."

सगळे आक्काकडे बघू लागले. रंग तिने फक्त बाहेरून दिला होता. त्या दाराला तिचा ब्रश लागलाच नव्हता.